आठ दिवसांचं वायरिंग

नीलू, तुझा वायरमन खोटं बोलत नाहीये, हे आधी लक्षात घे. तो आठ दिवस म्हणाला ते त्याच्या हाताचे आठ दिवस. पाईप तयार असलेल्या भिंतींत तारा ओढायच्या, बोर्ड बसवायचे, डीबी (वीज वाटणारी मुख्य पेटी) जोडायची आणि दिवे लावून दाखवायचे, एवढ्याला एक कारागीर आणि एक हेल्पर यांच्या आठ हजेऱ्या पुरतात. तू ते कॅलेंडरवरचे आठ दिवस धरलेस. एप्रिलच्या मध्यावर काम काढायचं आणि मेमध्ये दिराचं लग्न त्याच घरात उरकायचं, असा बेतही ठरवून टाकलात. तुझे मकरंदराव म्हणाले म्हणे, "आठ नाही तर दहा धरू." अगं, दहा दिवसांत तुमच्या हॉलच्या भिंतींचं प्लॅस्टरसुद्धा वाळायचं नाही.

फोनवर तू घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहितेय. सासूबाईंनाही वाचून दाखव. घर त्यांच्या डोळ्यांसमोर बांधलं गेलंय. कुठल्या भिंतीत काय आहे ते त्यांना वायरमनपेक्षा जास्त माहीत असेल.

साताऱ्याचं तुमचं घर १९६८ चं. पुढचा भाग नऊ इंची विटांचा, वर स्लॅब, आणि मागच्या दोन खोल्या कौलारू. म्हणजे एकाच घरात दोन घरं आहेत आणि दोन्हींचा हिशेब वेगळा. तेव्हा "टू बीएचके आहे, किती दिवस लागतील?" असं विचारूच नकोस. खोल्यांवरून वेळ कळत नाही. वेळ कळतो पॉइंटवरून आणि भिंतीवरून.

पॉइंट मोजायला एक संध्याकाळ दे. वही घेऊन ओसरीपासून सुरुवात कर आणि गच्चीपर्यंत जा. आज आहेत ते मोजू नकोस, हवे आहेत ते मोज. तुमच्या जुन्या हॉलमध्ये एक पंखा, दोन दिवे आणि एक दोन पिनांचा प्लग एवढंच आहे. आता तिथे टीव्हीजवळ तीन-चार प्लग लागतील, राउटर येईल, एसीचा वेगळा पॉइंट येईल, सोफ्याशेजारी मोबाइल चार्जिंग येईल. स्वयंपाकघरात तर विचारूच नकोस. फ्रिज, मिक्सर, ओव्हन, इंडक्शन, पाण्याचा फिल्टर, चिमणी, आणि एक मोकळा प्लग, कारण उद्या काय विकत घ्याल सांगता येत नाही. मी अंदाजाने मोजलं तर तुमच्याकडे साठ-सत्तरच्या खाली काही यायचं नाही. पूर्वीचं वायरिंग वीस-बावीस पॉइंटांचं असेल. तेव्हा हे जुनं वायरिंग बदलणं नव्हेच, जवळजवळ तिप्पट नवं करणं आहे.

मोजून झालं की एक परीक्षा घे. वायरमन समोर असतानाच घे, मेन स्विच बंद करून आणि टेस्टरने खात्री करून. दोन-तीन बोर्ड उघडायला सांग: एक स्वयंपाकघरातला, एक मोरीजवळचा आणि एक मागच्या खोलीतला. मग बोर्डातून एक तार पाईपमध्ये थोडी ओढून बघायला सांग. तार सरकली तर तुझं नशीब. मग जुन्याच पाईपांतून बरंच काम निघेल आणि भिंती कमी फुटतील. पण त्या काळी स्लॅबमध्ये लोखंडी काळे पाईप टाकत. गच्चीवरून गळती झालेली असेल तर ते आतून गंजतात आणि तार चिकटून बसते. अशी तार ओढली की अर्धी हातात येते आणि अर्धी आत राहते. आणि समजा सरकली, तरी एक अडचण उरतेच. जुन्या पाईपात दोन तारा आहेत, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंगची तार नाहीच. दोन पिनांच्या प्लगला ती लागायचीच नाही. आता प्रत्येक प्लगला तिसरी हिरवी तार हवी, आणि प्लगच्या तारा अडीच स्क्वेअर एमएमच्या, एसी-गिझरच्या चारच्या. त्या सगळ्या त्या अरुंद पाईपात मावायला हव्यात ना?

आपल्या वाईच्या घराचं काम झालं तेव्हा तू परीक्षेत अडकली होतीस, म्हणून एक गोष्ट तुला माहीत नाही. माजघरातला तो काळा गोल स्विच असलेला लाकडी बोर्ड आठवतो? तो उघडला तेव्हा आत पालीचा वाळका सांगाडा होता, आणि तारेवरचं रबर करपलेल्या पापडासारखं बोट लागताच चुरा होऊन खाली पडलं. वर नुसती कापडाची जाळी राहिली. आत उघडी तार, शेजारी दुसरी उघडी तार, आणि मध्ये एक बोटभर हवा. दिवा रोज लागत होता, म्हणून कुणाला शंकाही आली नव्हती. बाहेरून व्यवस्थित दिसणाऱ्या वायरिंगवर विश्वास ठेवू नकोस, ते यासाठी सांगतेय.

आणखी एक बघ, तार तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची. साठ-सत्तरच्या दशकांत तांबं महाग आणि बाहेरून आणायला लागायचं, म्हणून घरांत ॲल्युमिनियमची तार सर्रास टाकली गेली. ती स्क्रूखाली हळूहळू सैल होते, सांध्यावर थर धरतो, आणि सांधा तापायला लागतो. कुणी मधूनच तांब्याचा तुकडा पिळून वर काळी टेप गुंडाळली असेल तर त्या जागेवर पहिलं लक्ष दे. अशी तार निघाली तर "अर्धी राहू द्या, अर्धी बदलू" हा विचारच सोडा. अर्ध्या कामात वेळही वाचत नाही. नव्या डीबीत ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बसणार, आणि जुन्या घरांत कुणाच्या तरी दिव्याचा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटमधून उसना घेतलेला असतो. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सारखा आहे का, तेवढंच बघते. हिशेब जुळला नाही की ती खाली पडते. मग तो उसना न्यूट्रल शोधण्यात वायरमनचा अख्खा दिवस जातो, आणि तुम्हाला वाटतं की नवी वस्तूच खराब आहे.

आता भिंती. खरा वेळ त्या खातात. विटांच्या भिंतीत कटरने दोन रेघा मारून मधला भाग छिन्नी-हातोड्याने काढतात. एका जोडीकडून दिवसाला आठ-दहा पॉइंटांच्या झिऱ्या निघाल्या तर काम चांगलं चाललंय म्हण. म्हणजे तुमचे साठ-सत्तर पॉइंट फक्त फोडायलाच आठवडा. बीमला किंवा स्लॅबला कटर लावू देऊ नकोस. आतली सळई कापली गेली तर ती परत जोडता येत नाही. आडव्या लांब झिऱ्याही नकोत, कारण तुमचं घर भिंतींवर उभं आहे, खांबांवर नाही. खाली उतरायचं ते सरळ उभं. आणि सासूबाईंच्या खोलीची ती साडेचार इंची मधली भिंत जपायला सांग. तिच्या दोन्ही बाजूंनी एकाच जागी झिरी मारली तर मध्ये काय उरणार?

मागच्या कौलारू खोल्यांना फोडाफोडी नको. तिथे पाईप वाशांच्या बाजूने न्यायचा आणि भिंतीवर केसिंग-पट्टी मारायची. दिसायला थोडं जुनाट दिसेल, पण दोन खोल्यांचं काम तीन-चार दिवसांत होईल आणि उद्या दुरुस्तीही सोपी. वाईच्या घरात पांढऱ्या मातीच्या भिंती, तिथे आम्ही पट्टीच मारली. मातीची भिंत फोडायला गेलं की झिरीच्या दुप्पट माती खाली येते. कौलाखाली उघडी तार मात्र सोडू देऊ नकोस. उंदीर सोडत नाहीत.

मला तुला मुख्य सांगायचं होतं ते हे, की वायरमन एकदा येऊन काम संपवत नाही, तीनदा येतो. पहिल्या फेरीत झिऱ्या, पाईप आणि बॉक्स. मग तो जातो आणि गवंडी येतो. गवंडी जाळी मारून झिऱ्या बुजवतो, चार दिवस घेतो. त्यावर आठवडाभर पाणी मारायचं, आणि मग भिंत वाळू द्यायची. दुसऱ्या फेरीत तारा ओढायच्या. तारा ओल्या भिंतीत ओढू नयेत. पाईपात पाणी राहिलं तर पुढे मेगर (तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावल्यावर इन्सुलेशन कमी दाखवतो आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात. मग रंगारी येतो, पुट्टी, प्रायमर, पहिला हात. त्यानंतर वायरमनची तिसरी फेरी: स्विच, प्लेटा, पंखे, दिवे, डीबी, तपासणी. आणि शेवटी रंगाचा शेवटचा हात.

वायरमनच्या तीन फेऱ्या मिळून वीस-एक हजेऱ्या. पण फेऱ्यांमधले रिकामे दिवस कुणीच मोजत नाही, आणि घराचा महिना तिथेच जातो. तो दुसऱ्या फेरीला फोनवर लगेच येईल असंही नाही. मधल्या काळात त्याने दुसरी साइट धरलेली असते, धरायलाच हवी, त्याचंही पोट आहे. म्हणून पहिल्याच दिवशी त्याला, गवंड्याला आणि रंगाऱ्याला एकत्र बसव, चहा दे, आणि तिघांसमोर तारखा लिही. गवंडी वायरमनचा असेल तर उत्तम. तुमचा वेगळा असेल तर भांडण ठरलेलं: हा म्हणणार झिरी खोल मारली नाही, तो म्हणणार प्लॅस्टर फुगलं.

माझा हिशेब विचारशील तर घर रिकामं असतं तर सव्वा महिना. तुम्ही घरात राहून करणार, म्हणून दोन महिने धर. राहत्या घरात अर्धं अर्धं करावं लागतं. अर्ध्या घराचं सामान उरलेल्या अर्ध्यात कोंबायचं आणि मग उलट. संध्याकाळी काम लवकर थांबतं, कारण तुला स्वयंपाक करायचा असतो. रोज झाडायला, राडारोडा पोत्यांत भरायला तास जातो. त्या धुळीची तुला कल्पना नाही. गव्हाचे डबे, मसाल्याचे डबे, देव्हारा, कपाटं, सगळ्यांवर जुन्या साड्या आणि प्लॅस्टिक टाक, आणि कपाटाच्या फटींना टेप लाव. शिवाय सुरुवातीला माळा उपसायला एक दिवस वेगळा धर. जुन्या घरात मेन तारा हमखास माळ्यावरून गेलेल्या असतात, आणि माळ्यावर सासूबाईंचे पितळेचे हंडे, पाळणा, मोडकी शिलाई मशिन, कुणाची तरी ट्रंक. तिथे बसून आठवणी काढू नका, एक दिवसाचे तीन होतात.

पुढच्या भागात आधी सासूबाईंची खोली आणि तिच्याशेजारची मोरी रंगासकट पूर्ण कर. मग त्यांना तिथे स्थिर करून बाकीचं घर फोड. वय झालेल्या माणसाला दर आठवड्याला पलंग हलवलेला सहन होत नाही. काम चालू असताना फ्रिज आणि पाण्याची मोटार यांच्यासाठी मेनपासून एमसीबी असलेला एक तात्पुरता बोर्ड काढून घे. उघड्या तारा प्लगात खोचून काड्या लावणं चालू देऊ नकोस, घरात लहान मूल आहे.

वेळ खाणारी आणखी एक गोष्ट तुमच्याच हातात आहे. तुमचे मतभेद. स्विच कुठे, पलंग कुठे, टीव्ही कोणत्या भिंतीवर, हे झिरी मारण्याआधी ठरलं पाहिजे. खडू घे आणि प्रत्येक भिंतीवर खूण कर. दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघून स्विचची बाजू ठरव, नाहीतर दिवा लावायला दारामागे हात घालावा लागेल. जिन्याला आणि पलंगाशी टू-वे स्विच घे. खुणा केल्यावर दोन-तीन दिवस तशाच राहू देत आणि त्या घरात नेहमीसारखी वावर. सकाळी ओट्याशी उभी राहिलीस की तुला आपोआप कळेल मिक्सरचा प्लग कुठे हवा. पाईप बसल्यावर "हा बोर्ड जरा इकडे घ्या" म्हटलं की तोंडाने एक शब्द आणि कामात एक दिवस.

आणि महावितरण. हे तुझ्या डोक्यातच नाही. विजेचं बिल काढ आणि त्यावर 'मंजूर भार' बघ. तो जुना असेल, एखाद-दोन किलोवॅटचा. एकट्या गिझरला दोन किलोवॅट लागतात, इंडक्शनला जवळपास तेवढेच, दीड टनाच्या एसीला दीडच्या वर. भार वाढवायचा तर अर्ज करायला लागतो आणि त्यासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तुझा वायरमन कितीही हुशार असला तरी परवाना कुणाचा, सही कुणाची, हे आधी विचार. आणि बिलावर नाव कुणाचं आहे? मला वाटतं अजून आजेसासऱ्यांचंच असेल. मीटर वीज मंडळाच्या काळातलं, महावितरण आलं २००५ मध्ये, आणि नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. म्हणजे आधी नावबदल, मग भारवाढ. हे दिवस तुझ्या वायरमनच्या हातात नाहीत आणि तुझ्याही नाहीत, म्हणून भिंत फोडायच्या आधी हे सुरू व्हायला हवं. काम पूर्ण झालं, घर रंगलं, आणि एसी लावता येत नाही, असं झालेली घरं मी पाहिली आहेत.

अर्थिंगही त्यातच. अंगणात खड्डा खणून प्लेट किंवा पाईप, कोळसा, मीठ, हे काम जमीन मऊ असेल तर एका दिवसाचं. तुमच्याकडे थोडं खणलं की कातळ लागतो, मग ब्रेकर आणायला लागतो आणि दिवस वाढतो. हे शेवटाला ठेवू देऊ नकोस. लग्नाच्या मांडवासाठी अंगण लागेल तेव्हा तिथे खड्डा नको.

पैशांचं एवढंच सांगते. उक्तं दिलंस तर तो माणूस चार साइटी सांभाळत तुझ्याकडे येणार. हजेरीवर दिलंस तर रोज येईल, पण चहा लांबेल. मी तरी पॉइंटच्या दरानं उक्तं द्यावं म्हणेन. उचल थोडी द्यायची आणि प्रत्येक फेरी पूर्ण झाल्यावर एक हप्ता. शेवटचा हप्ता तेव्हाच, जेव्हा तो मेगर लावून रीडिंग दाखवेल (एक मेगाओहमच्या खाली काही नको), आरसीसीबीचं टेस्टचं बटण तुझ्यासमोर दाबून दाखवेल आणि डीबीवर कोणती एमसीबी कोणत्या खोलीची ते मराठीत लिहून देईल. प्लॅस्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेव, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे कधी फोटोफ्रेमसाठी खिळा ठोकायचा झाला तर पाईप कुठून गेलाय ते त्यात दिसेल.

आता तारखा. एप्रिलमध्ये काम काढूच नकोस. तेव्हा सगळे वायरमन एसी बसवण्यात आणि लग्नाच्या रोषणाईत अडकलेले असतात, आणि तुमच्याच घरी मांडव. पावसाळा तर या कामाला नकोच, भिंत वाळत नाही. संक्रांत झाली की सुरू करा. मागच्या कौलारू खोल्या सगळ्यांत आधी घ्या, पुढचा भाग नंतर; त्या पट्टीच्या कामात वायरमनचा हात कसा आहे तेही कळेल, आणि नाही पटला तर बदलायला वेळ राहील. मार्च अखेरीपर्यंत रंगाचा शेवटचा हात आटपेल, एप्रिल हातात मोकळा राहील, आणि काही ना काही निघतंच, ते त्यात बसेल.

वायरमनला उद्या फोन कर आणि "किती दिवस?" असं न विचारता "तुमच्या आठ दिवसांत झिऱ्या आणि प्लॅस्टर धरलंय का?" असं विचार. आणि मकरंदरावांना सांग, नावबदलाचा अर्ज याच आठवड्यात द्यायचाय, आजेसासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत शोधून ठेवा.